हौद, पिंप आणि गच्चीवरचा तलाव : घरातल्या पाण्याचे नियम कुणासाठी झाले?

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो, शाळांना सुट्टी लागते आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पोरांसाठी गच्चीवर फुगवायचा तलाव आणलाय, त्यात क्लोरीन किती टाकायचं?" पूर्वी हा प्रश्न नव्हता. पोहायचे तर मार्कंडेय जलतरण तलावावर जायचे, नाहीतर मामाच्या गावी विहिरीत, पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. आता प्लास्टिकचा तलाव खोक्यात घडी घालून घरी येतो.

क्लोरीनचे उत्तर या लेखात पुढे येईलच. पण मला खटकते ते वेगळेच. या तलावाची शिडी रात्री कुठे ठेवता, गच्ची किती वजन पेलते, शेजारचे पोर त्यात पडले तर काय, हे कुणीच विचारत नाही. आपल्या मनात हा तलाव नसतोच. ते एक मोठे भांडे असते, बादलीचा थोरला भाऊ. आणि गंमत अशी, की गेल्या दीडशे वर्षांत कायदा करणारे, विमा कंपन्या आणि आम्ही डॉक्टर मंडळीसुद्धा असाच विचार करत आलो. नदी, विहीर, धरण यांना आपण पाणी म्हणतो. घरात जमिनीच्या वर उभे असलेले पाणी मात्र सामानात मोजतो. याची किंमत एक ते चार वर्षांची मुले मोजतात. आज त्याचाच इतिहास पाहू.

आड गेला, हौद आला

सोलापूर हे तलावांचे गाव. मध्यावर सिद्धेश्वर तलाव, त्याची परंपरा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जाते. दक्षिणेला कंबर तलाव, म्हणजे आजचा धर्मवीर संभाजी तलाव. उत्तरेला एकरुख, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. इंग्रजांनी तो १८६६ ते १८७१ या काळात सिंचनासाठी बांधला आणि पुढे दहाएक वर्षांत त्यातून शहराला नळाने पाणी मिळू लागले. तोवर घराघरांत आड होते, प्यायच्या पाण्याला रांजण होते. आडाला कठडा असायचा, रहाट असायचा आणि मुख्य म्हणजे आडाची भीती असायची. पोराला चालता येऊ लागले की "तिकडं जाऊ नको, आडात बागुलबुवा आहे" हे पहिल्यांदा सांगितले जायचे. ही भीती म्हणजे एक प्रकारचे कुंपणच होते.

नळ आल्यावर आड बुजले, त्यांत कचरा पडला. पण सोलापूरला रोज पाणी काही मिळाले नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, त्याचे पाणी पुढे सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने शहरात आले, शहर मात्र त्याहून वेगाने वाढले. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड पाणी ही आपली रीत झाली. मग प्रत्येक घराने स्वतःचे छोटे धरण बांधले. अंगणात सिमेंटचा हौद, मोरीत दोनशे लिटरचे पिंप, जिन्याखाली टाकी, गच्चीवर काळी टाकी. गुजरातेत कलोलच्या कारखान्यात १९७५ साली सिंटेक्सची प्लास्टिकची टाकी निघाली आणि पुढच्या वीस वर्षांत तिने आपल्या गच्च्यांचे रूपच पालटले.

म्हणजे आड गेला, पण पाणी घरातच राहिले. उलट जास्त झाले, अधिक ठिकाणी झाले आणि पोराच्या उंचीला आले. बागुलबुवा मात्र हौदात राहायला आला नाही.

दोन वर्षांच्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे असते, मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या. त्याचा तोल वरच्या बाजूला असतो. पिंपाच्या काठावर पोट टेकवून ते आत वाकले की डोके पुढे जाते, पाय उचलले जातात आणि मग त्याला मागे येता येत नाही. हातांत तेवढी ताकदच नसते. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, हात मारतो. लहान मूल बुडते तेव्हा आवाज येत नाही. श्वास घेता येत नसेल तर ओरडणार कशाने? चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. एवढ्या वेळात आपण पाण्याची मोटर चालू करून, पाइप दुसऱ्या पिंपात टाकून, शेजारणीला "तुमच्याकडं आलं का?" एवढे विचारून परत येतो.

पाणी सुटण्याची वेळ हीच सोलापूरच्या घरात लहान मुलासाठी सर्वांत धोक्याची वेळ, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळी झाकणे उघडी असतात आणि सगळी मोठी माणसे पाण्यामागे असतात.

डासासाठी झाकण

घरातल्या पाण्यावर झाकण असावे, असा नियम महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे. फक्त तो मुलासाठी झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत गोदीची मोठी कामे चालू होती आणि हिवतापाने थैमान घातले होते. सरकारने डॉ. चार्ल्स बेंटली यांना चौकशीला नेमले. त्यांचा अहवाल १९११ साली आला. त्यांचे बोट दलदलीकडे नव्हते, घरांच्या आवारातल्या विहिरींकडे होते. ॲनोफिलीस स्टीफेन्साय नावाचा डास स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो आणि मुंबईच्या वाड्यांतल्या, चाळींतल्या विहिरी त्याला फारच आवडत होत्या. विहिरी बुजवा किंवा घट्ट बंद करा, अशी शिफारस झाली. डॉ. जे. ए. टर्नर तेव्हा मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी होते. त्यांच्या खात्याने नोटिसा काढल्या आणि गदारोळ उठला. पारशी, हिंदू, जैन अशा अनेकांनी हरकत घेतली. धर्मकार्याला लागणाऱ्या पाण्याला ऊन-वारा लागला पाहिजे, बंद विहिरीचे पाणी चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी जाळीची झडप असलेले झाकण अशी तडजोड निघाली.

या सगळ्या वादात विहिरीत पडून मरणारी मुले हा मुद्दा जवळजवळ नव्हताच. झाकणाची कसोटी एकच, डास आत जातो का?

आजही तेच चालू आहे. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येतात, टॉर्च मारून हौदात पाहतात, अळ्या दिसल्या तर औषध टाकतात, कोरडा दिवस पाळायला सांगतात. काम चांगले आहे, त्यांना घरात येऊ द्या. पण "हौदावर कापड बांधा" हा जो सल्ला दिला जातो, त्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे. कापड डासाला अडवते. मुलाला ते अडवत नाही, उलट खाली पाणी आहे हे त्याच्यापासून लपवते. डासाचे झाकण आणि मुलाचे झाकण या दोन निराळ्या वस्तू आहेत. मुलाच्या झाकणाला कडी लागते आणि त्याच्यावर मोठे माणूस उभे राहिले तरी ते वाकता कामा नये.

गिरणीमालकाचा तलाव

आता कायद्याकडे वळू. विम्याचे सगळे गणित कायद्यावर उभे असते, म्हणून हा वळसा.

इंग्लंडमध्ये लँकेशायरला जॉन रायलँड्स नावाचा कापड गिरणीमालक होता. गिरणीला पाणी हवे म्हणून त्याने आपल्या जागेत तलाव बांधून घेतला. खाली जुन्या खाणींचे बोगदे होते. पाणी त्यांतून शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८६८ साली निकाल लागला. जो माणूस आपल्या जागेत धोक्याची वस्तू आणून साठवतो, ती निसटली तर नुकसानीची जबाबदारी त्याची, मग त्याची चूक असो वा नसो. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला पाठ असतो आणि त्यातली धोक्याची वस्तू म्हणजे साठवलेले पाणी होते, हे लक्षात ठेवा.

सहाच वर्षांनी, १८७४ साली, तसाच प्रश्न भारतातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रास इलाख्यात कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीचे नुकसान झाले. कंपनी म्हणाली, रायलँड्सचा नियम लावा. न्यायाधीशांनी लावला नाही. भारतात तलाव ही कुणाची हौस नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली लोकांच्या जगण्याची व्यवस्था आहे. जमीनदाराला ते राखावेच लागतात. निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला दोषी धरता येणार नाही.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. ज्या देशात पाणी साठवले नाही तर माणूस मरतो, तिथे साठवणे हा गुन्हा कसा ठरेल? सोलापुरातल्या हौदालाही हेच लागू आहे. पण गच्चीवरचा फुगवायचा तलाव? तो जगण्याची गरज नाही, हौस आहे. उद्या असा वाद न्यायालयात गेला तर तो रायलँड्सच्या बाजूला झुकेल की कार्वेटीनगरच्या, यावर वकिलांनी जरूर वाद घालावा.

तिकडे अमेरिकेत आणखी एक धागा विणला जात होता. नेब्रास्कात रेल्वेच्या आवारात इंजिन फिरवायचा चौथरा होता. त्याला कुलूप नव्हते. सहा वर्षांचा एक मुलगा खेळायला गेला आणि जायबंदी झाला. कंपनी म्हणाली, तो आमच्या जागेत विनापरवाना घुसला. १८७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. यातून पुढे असे तत्त्व रूढ झाले, की लहान मुलाला ओढ लावणारी धोक्याची वस्तू जागेत ठेवली, तर मूल न विचारता आले ही सबब मालकाला पुरत नाही. पुढे घरोघरी जलतरण तलाव आले, तेव्हा हे तत्त्व त्यांच्यावर येऊन बसले. म्हणून अमेरिकेत घराचा विमा घेताना कंपनी विचारते, तलाव आहे का, कुंपण आहे का, फाटकाला आपोआप लागणारी कडी आहे का? नसेल तर हप्ता वाढतो, कधी विमाच नाकारला जातो. नियम पाळायला पोलिसापेक्षा विमा कंपनीने जास्त भाग पाडले, असे तिकडचे चित्र आहे.

जमिनीवरचा तलाव कायद्याला दिसला नाही

गंमत पुढेच आहे. हे सगळे नियम मनात खणलेला तलाव धरून झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिनाइलचे जाड कापड स्वस्त झाले आणि जमीन न खणता, लोखंडी कड्यात किंवा फुगवलेल्या काठात पाणी धरणारे तलाव बाजारात आले. फ्रान्सने २००३ साली खासगी तलावांच्या सुरक्षेचा कडक कायदा केला. कुंपण, गजर, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी हवेच. पण तो खणलेल्या आणि अर्धवट खणलेल्या तलावांना. जमिनीवर ठेवलेला तलाव त्यातून सुटला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने जास्त विचार केला. न्यू साउथ वेल्सच्या १९९२ च्या कायद्यात तलावाची व्याख्या खोलीवरून आहे. ३० सेंटिमीटरहून जास्त पाणी मावत असेल तर तो तलाव, मग तो खणलेला असो की फुगवलेला, आणि त्याला किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण लागते.

हे १.२ मीटर आपल्या कामाचे आहे. चार वर्षांखालच्या बहुतेक मुलांना एवढ्या उंचीवर पाय ठेवायला आधार नसेल तर चढता येत नाही. तलावाची भिंतच एवढी उंच आणि गुळगुळीत असेल तर ती कुंपणाचे काम करते, अट एकच, शिडी काढून ठेवलेली असावी. आपल्याकडे मिळणारे बरेचसे फुगवायचे तलाव या उंचीपेक्षा ठेंगणे असतात, काठ मऊ असतो आणि त्यावर रेलले की तो दबून मूल आत घसरते. शिवाय बाजूला पंप ठेवलेला असतो, म्हणजे चढायला पायरी तयारच.

अमेरिकेत २००१ ते २००९ या काळातल्या अशा हलवता येणाऱ्या तलावांतल्या दुर्घटनांचा अभ्यास २०११ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. २०९ मृत्यू आणि ३५ जण वाचलेले. त्यांतली ९४ टक्के मुले पाच वर्षांखालची होती. जवळजवळ तीन चतुर्थांश घटना मुलाच्या स्वतःच्याच घराच्या आवारात घडल्या. पोहायला येत नाही म्हणून ही मुले गेली असे म्हणता येत नाही. त्यांच्यापैकी अनेक तेव्हा पोहायला गेलेलीच नव्हती. पोहणे संपले होते, मोठी माणसे घरात गेली होती आणि पाणी तसेच उभे होते.

हे वाचताना मला आपले शहर आठवते. पाणी चार दिवसांनी येणार, टँकरला पैसे मोजलेत, मग रोज संध्याकाळी तलाव उपसून कोण टाकणार? सोलापुरात फुगवलेला तलाव एकदा भरला की आठवडाभर भरलेलाच राहतो. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो, म्हणजे त्यालाही हे वेळापत्रक सोयीचे. आता क्लोरीनचे उत्तर. पाणी राखायचेच असेल तर मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, ते रोज तपासून. आपल्या उन्हात ते काही तासांत उडून जाते. गाळणी आणि पंप नसलेला छोटा तलाव राखण्यात अर्थ नाही. संध्याकाळी ते पाणी झाडांना, शौचालयाला, फरशीला वापरा आणि तलाव उलटा करून ठेवा. पाणी वाया जाणार नाही, आणि रिकाम्या तलावात ना डास वाढतो ना मूल बुडते.

पंप असेल तर आणखी दोन गोष्टी. शोषणाच्या तोंडावर जाळी नसेल तर केस किंवा अंग ओढले जाते. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशीच गेली आणि २००७ साली तिच्या नावाने कायदा झाला. दुसरी गोष्ट विजेची. ओल्या गच्चीवर वायर ओढून पंप लावताय, तर घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला हवा. पाणी खेचायच्या मोटरलाही हेच लागू.

आणि वजन. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो. तीन मीटर व्यासाच्या तलावात पाऊण मीटर पाणी भरले तर ते सव्वापाच टनांहून जास्त होते, म्हणजे दर चौरस मीटरला ७५० किलो. भारतीय मानकाप्रमाणे वावरासाठी बांधलेल्या गच्चीचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाण्यातच हिशेब संपला. त्यात मुले उड्या मारणार. जुन्या पेठांतली माळवदाची घरे, त्यांवर नंतर ओतलेला स्लॅब, हे सगळे तुम्ही जाणताच. असा तलाव जमिनीवरच ठेवा.

विम्याची वयोमर्यादा

आपल्याकडे घरातल्या तलावाच्या कुंपणासाठी वेगळा असा कायदा नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने उघड्या बोअरवेलबाबत सविस्तर निर्देश दिले, कुंपण, फलक, वापर संपल्यावर बुजवणे वगैरे, कारण तोवर हरियाणातल्या एका मुलाची सुटका साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती. हौद आणि पिंप यांच्यावर कॅमेरे येत नाहीत. तिथे लागते ते सामान्य कलम, निष्काळजीपणाने मृत्यू. जुन्या दंडसंहितेत १८७० साली घातलेले ३०४ अ, आजच्या न्याय संहितेत १०६. संस्थांना मात्र न्यायालयाने चांगलेच धरले आहे. १९९५ साली एका शाळेची १४ मुले सहलीत बियास नदीत बुडाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची भरपाई कायम केली. क्लासवाले, हुरडा पार्टीवाले, शेतघर भाड्याने देणारे यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

घराच्या विम्याचे म्हणाल तर २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळते. आग, वादळ, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटून होणारे नुकसान त्यात धरलेले आहे. पण ती वास्तू आणि सामानाची पॉलिसी आहे. शेजारच्या मुलाला तुमच्या तलावात इजा झाली तर त्याची भरपाई हा तिचा विषय नाही. त्यासाठी त्रयस्थाच्या दायित्वाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. फुगवलेल्या तलावाला कंपनी टाकी मानते का, हे घेण्याआधीच लेखी विचारा.

माणसांच्या विम्यात मला जी गोष्ट सलते ती अशी. वर्षाला वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगली आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख, पण वय १८ ते ७०. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना, वय १० ते ७५. विद्यार्थ्यांची राज्याची सानुग्रह योजना, पहिली ते बारावी. आता एक ते चार वर्षांचे मूल यांत कुठे बसते? कुठेच नाही. मुलांच्या अनेक आयुर्विमा पॉलिसींमध्येही जोखीम काही वर्षे उशिरा सुरू होते. याला जुने कारण आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक लहान मुलांचा अंत्यविधी-विमा काढत आणि पैशासाठी मुलांची हेळसांड करतात असा बोभाटा झाला. १८७५ च्या कायद्याने पाच वर्षांखालच्या मुलावर सहा पौंडांपेक्षा जास्त विमा घ्यायला बंदी घातली. भीती खोटी नव्हती. पण याचा परिणाम असाही झाला, की या वयाचे मृत्यू विमा कंपन्यांच्या वहीत मोठी रक्कम म्हणून कधी आलेच नाहीत आणि ते रोखण्यात कुणाचा पैसा अडकला नाही. अमेरिकेत कुंपण उभे करणारा जो दबाव होता तो इथे तयारच झाला नाही.

एक व्यावहारिक सूचना, सांगायला जड जाते तरी. कुणाचाही पाण्यात अपघाती मृत्यू झाला तर पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन टाळू नका. दुःखात घरचे लोक "कशाला चिरफाड" म्हणतात, आणि पुढे पंचनाम्याविना, अहवालाविना दावा अडकतो.

उलटे टांगणे थांबवा

बुडालेल्याला वाचवता येते, ही कल्पनाही फार जुनी नाही. कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी पहिली संस्था निघाली. तिचे अहवाल वाचून विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या डॉक्टरांनी १७७४ साली लंडनमध्ये तशीच संस्था काढली. प्रयत्न करणाऱ्याला दोन गिनी, माणूस जगला तर चार आणि ओले शरीर घरात घेऊ देणाऱ्याला एक गिनी बक्षीस. लोक मेलेला माणूस दारात घेत नसत, म्हणून ही शेवटची गिनी. उपाय मात्र अजब होते, त्यांत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणेही होते. निकोटिन हे विष आहे, हे १८११ मध्ये ब्रोडी यांनी दाखवल्यावर ते मागे पडले. पुढे शेफर यांची पालथे निजवून पाठ दाबण्याची पद्धत १९०३ ची, होल्गर नील्सन यांची १९३२ ची. आपल्याकडच्या स्काउट आणि प्रथमोपचाराच्या वर्गांतही त्या बराच काळ शिकवल्या गेल्या. तोंडाने श्वास देणेच सर्वांत परिणामकारक, हे पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले आणि १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत त्याला जोडली गेली.

तरी आजही मूल बाहेर काढले की कुणीतरी त्याचे पाय धरून उलटे करते, गरगर फिरवते, पोट दाबते. पोट दाबून पाणी काढण्याचा आग्रह अमेरिकेत डॉ. हाइमलिख यांनीही धरला होता. १९९४ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने त्याला पुरावा नाही असे सांगितले. पोटातले पाणी काढल्याने फुफ्फुस सुरू होत नाही. उलट उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते.

करायचे ते असे. मूल सपाट जागेवर उताणे ठेवा, हनुवटी किंचित वर उचला. श्वास चालू नसेल तर आधी पाच श्वास द्या, छाती उचलली जाईल एवढेच. लहान बाळाला नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० आणि २. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. एकटेच असाल तर मिनिटभर हे करून मग फोन. बुडणाऱ्याच्या बाबतीत श्वास आधी, कारण त्याचे हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेले असते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका.

मूल खोकले, रडले, डोळे उघडले तरी रुग्णालयात न्याच. पाण्याने फुफ्फुसातल्या पिशव्या उघड्या ठेवणारा द्रव धुऊन जातो आणि दम लागणे काही तासांनी सुरू होऊ शकते. लक्षणे नसली तरी सहा ते आठ तास देखरेख हवी. जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा : मूल शेवटचे कधी दिसले होते आणि बाहेर काढल्यावर पहिला श्वास किती वेळाने आला.